काळं पडलेलं पान

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला शारजातला रोल्ला बाजार आठवतो; तेव्हा आम्ही शारजात राहायचो. आजोबा पोरके होते आणि लहानपणी कुणाच्या घरी वाढले, हे बाबांना ठाऊक नव्हतं; काकांनी गावच्या जुन्या खानेसुमारीतलं, घरोघरच्या माणसांच्या नोंदींतलं, आजोबांचं नाव असलेलं पान शोधून बाबांच्या ऑफिसात फॅक्स केलं. बाबा चष्मा घरी विसरले होते. “संध्याकाळी नीट वाचू,” म्हणाले आणि व्हिसाच्या कागदांसारखं हेही जपायचं म्हणून तडक रोल्लातल्या दुकानात लॅमिनेट करायला घेऊन गेले. मशीनमधून पान बाहेर आलं ते काळंकुट्ट. “फॅक्स का पेपर गरम होते ही काला पड़ जाता है,” दुकानदार म्हणाला. बाबांनी ते तसंच पिशवीत घातलं. “पुन्हा मागवू, इन्शाल्ला.” ते राहूनच गेलं. आता काका नाहीत, बाबाही नाहीत. फॅक्स आला तेव्हा शाळेला सुट्टी म्हणून मीही बाबांच्या ऑफिसात, आणि ते पान मी वाचलं होतं. आजोबा वाढले ते घर एका बाईच्या नावावर होतं, एवढंच आठवतं. नाव आठवत नाही.