बर्फ म्हणजे थंड वाळू

बर्फाविषयी माझ्या बायकोच्या मामांइतकं ठामपणे बोलणारा माणूस सबंध अमिरातीत दुसरा सापडणार नाही, आणि मामांनी आयुष्यात बर्फ पडताना पाहिलेला नव्हता. या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही, असं त्यांना कधी वाटलं नाही. गुहागरजवळच्या गावातून ते तरुणपणी रास अल खैमाला आले, एका वर्कशॉपमध्ये लागले आणि वाळूच्या टेकड्यांवर धावणाऱ्या बग्ग्या दुरुस्त करण्यात त्यांचे केस पांढरे झाले. जगातली प्रत्येक गोष्ट ते वाळूच्या हिशेबात मोजत. दुबईत आमच्याकडे सिलिकॉन ओएसिसला आले की पहिला घास घेऊन सांगत, "उपमा आज दुपारच्या वाळूसारखा झालाय. मोकळा, पण पकड नाही." बायको याला कौतुक समजते की तक्रार, हे तिच्या चेहऱ्यावरून मला आजवर ओळखता आलेलं नाही.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते यंत्राचं दुखणं ओळखत. ही सवय वर्कशॉपच्या दाराशी थांबत नसे. एकदा शारजात रोल्लाला ओळखीतल्या एका घरी साखरपुडा होता. यजमान नवऱ्यामुलाच्या वडिलांची ओळख करून देत होते, आणि मामा टेबलावरची सुरी फ्रिजला लावून डोळे मिटून उभे होते. "कॉम्प्रेसर जास्त दिवस काढणार नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. फ्रिज खरोखरच बंद पडला. तोपर्यंत लग्नही मोडलं होतं, पण त्याबाबत मामांनी काही भाकीत केलेलं नव्हतं.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक तरुण अमिराती होता. मामा त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणत, तो त्यांना मामू म्हणे. दर हिवाळ्यात तो जॉर्जियाच्या डोंगरात जाई आणि तिथे स्नोमोबील चालवी. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रबरी दातांचा रुंद पट्टा, म्हणजे ट्रॅक, आणि वर मोटरसायकलसारखी बैठक, असं ते वाहन. खोल बर्फात ते रुतू लागलं, तेव्हा त्याने ते कंटेनरमधून थेट रास अल खैमाला आणलं. त्याचा इतर कुणावर विश्वास नव्हता. "मामू, घुटने तक ठीक," तो म्हणाला. "कमर तक बर्फ, खलास. मकीना बैठ जाता."

"बसणारच," मामा मला म्हणाले. "जावईबापू, बर्फ म्हणजे थंड वाळू. दुसरं काही नाही. आणि वाळूबद्दल मला कुणी शिकवायचं नाही."

येत्या मे महिन्यात ते कायमचे गावी जाणार होते. म्हणजे बर्फ बघायचा तर एवढाच हिवाळा हाताशी होता. अडचण अशी, की वाळूचा सीझन आणि बर्फाचा सीझन एकाच वेळी येतो. थंडीत बग्ग्यांची रांग लागते, आणि वर्कशॉपचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, त्या दिवसांत आजारपणाचीही रजा हसून नाकारतो. अरबाबने शब्द दिला होता: जानेवारीत मशीन डोंगरावर चाचणीला जाईल, तिथे मामांची गरज आहे असं दिसलं, तर तो स्वतः मुदीरशी बोलेल आणि तिकीट पाठवेल.

मामांनी मशीन सगळं उघडलं. जुना ट्रॅक काढून लांब ट्रॅक चढवला, त्याचे दात तळव्याच्या रुंदीइतके उंच. वरचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, लहान करून वेग कमी केला आणि ओढ वाढवली. उंचावर हवा विरळ, इंजिन दमतं, म्हणून क्लचमधली वजनं हलकी केली. तेवढ्यावर समाधान न होऊन मशीन पिकअपवर घालून जवळच्या जेबेल जैस डोंगराच्या माथ्यावर नेलं, ट्रॅक हवेत उचलून ते सुरू केलं आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. सहलीला आलेली कुटुंबं मामा आणि मशीन या दोघांसोबत फोटो काढून गेली. शेवटी सस्पेन्शन. ट्रॅकच्या आतल्या सांगाड्याचा पुढचा भाग किती खाली लोंबू द्यायचा, हे एक जाड पट्टा ठरवतो. मामांनी तो सैल सोडला. पट्टा सैल म्हणजे नाक हलकं, आणि वाळूत हलक्या नाकाची गाडी रुतत नाही.

चाचणी अर्थातच वर्कशॉपमागच्या वाळूत झाली. स्नोमोबीलचं इंजिन ट्रॅकने उडवलेल्या बर्फाने थंड राहतं आणि ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्यांनाही बर्फच वंगण पुरवतो, हे मामांना पट्ट्या वितळल्यावर कळलं. त्यांनी नवीन पट्ट्या बसवल्या आणि मासळीबाजारातून कुटलेल्या बर्फाचे क्रेट आणून मशीनखाली ओतले. मशीन जॉर्जियाला पोचल्यावर अरबाबचा पहिला फोन आला तो या विषयावर. "मामू, मकीना में सुरमई का खुशबू क्यों?"

अभ्यासात काही उणं राहू नये म्हणून डिसेंबरात ते आमच्याबरोबर दुबईच्या एका मॉलमधल्या बंदिस्त बर्फात आले. भाड्याचा जाड कोट घालून लोक घसरत होते. मामा एका कोपऱ्यात गुडघे टेकून कोपरापर्यंत हात घालत होते. "अंकल, प्लीज, डोन्ट डिग," तिथली मुलगी म्हणाली. "बेटा, नीचे कितना है, देखने दो," मामा म्हणाले. माझी मुलगी ओशाळून दूर उभी होती. "आजोबा, स्नो इज नॉट सँड," ती शेवटी म्हणाली. मामांनी मूठभर बर्फ थर्मासमध्ये भरला आणि म्हणाले, "घरी जाऊन बघू, कोण बरोबर." घरी पोचेपर्यंत थर्मासमध्ये पाणी होतं. त्यांनी ते चाखून पाहिलं आणि विषय बदलला.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी वर्कशॉपमध्ये होतो, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पांढऱ्याखेरीज काही नव्हतं. मग त्या पांढऱ्यातून अरबाबची दाढी वर आली, बर्फाने माखलेली.

"मामू! सीधा खड़ा हो गया! घोडे के माफिक! मैं पीछे गिर गया!"

"लगा क्या?"

"बर्फ में किसको लगता है? लेकिन ऊपर नहीं जाता. तुम आ जाओ, हबीबी. मैं अभी मुदीर को फोन करता. टिकट आज भेजता."

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मागे चढावर मशीन आडवं पडलं होतं, नाक आकाशाकडे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. एक "हां" म्हटलं की काम होतं. मुदीर शेजारच्या केबिनमध्येच होता, आणि अरबाबला नाही म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं.

"अरबाब," मामा म्हणाले, "पाना है?"

"है."

"मकीना सीधा करो. आगे का पट्टा दिखता? सैल है, टाइट करो. दो छेद. दोनों बाजू बराबर."

अरबाब हातमोजे काढून बर्फात आडवा झाला. पाना दोनदा हातातून पडला, आणि दोन्ही वेळा मामांचाच हात पुढे झाला. मग बोल्ट बसले. "यल्ला, चलो," मामा म्हणाले. अरबाबने फोन छातीवरच्या खिशाला अडकवला. इंजिन गरजलं, पडदा हलला, पांढऱ्या फवाऱ्यात काही दिसेना. मामा डोळे मिटून नुसतं ऐकत होते. नाक खाली राहिलं, मशीन चढत गेलं आणि माथ्यावर पोचून बंद झालं.

"अरबाब? आवाज जातोय," मामा मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, "कुछ सुनाई नहीं देता."

"फोन ठीक है, मामू. यही है. बर्फ गिर रहा है."

मामांनी फोन कानाला लावला, स्क्रूड्रायव्हरची मूठ लावत तसा, आणि बराच वेळ तसाच धरला. बाहेर बग्गीवाले हॉर्न वाजवत होते. मामांनी हात हलवून त्यांना गप्प केलं.

दुपारी अरबाबने मुदीरला फोन केला. मुदीर म्हणाला, "काम तो फोन पे हो गया ना, शेख? फिर मामू जाके क्या करेगा?" यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

"आठवडाभर थांबला असतात तर?" मी निघताना विचारलं.

"आणि मशीन आठवडाभर तसंच पडू द्यायचं?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच चिडलेला होता.

मे महिन्यात ते गेले. काढलेला जुना ट्रॅक त्यांनी कार्गोने गावी पाठवला आणि विहिरीकडे जाणाऱ्या उतारावर अंथरला. आता मामींचा पाय घसरत नाही. फोनवर ते हापूसचे भाव सांगतात, पंपाचा आवाज ऐकवतात. हिवाळ्यात मनालीला जाऊन या, असं मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, "तिथे माझं मशीन कुठे आहे?" आणि फोन ठेवण्याआधी, "मुलगी जवळ आहे का? तिला सांगा, मॉलमध्ये ती म्हणाली ते बरोबर. वाळूला आवाज असतो."