मुक्ताची जुनी शेजारीण

व्लास्ता मूळची स्लोव्हाकियातल्या प्रेशोवची. तिथे तिचे दोन कथासंग्रह निघाले होते, बायकांच्या हक्कांसाठी ती एक मासिकही चालवायची. मासिक बंद पडलं, आई गेली, आणि पन्नाशीत ती आयर्लंडला आली. आता बेकरीत पावाची पाकिटं भरते, ॲडम्सटाउन या उपनगरात एकटी राहते. लिहिते अजूनही, पण आजूबाजूला तिची भाषा वाचणारं कुणी नाही.

शनिवारी मात्र ती कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत बसते. घरी छळ सोसणाऱ्या बायका तिथे येतात. ती चहा करते, ऐकून घेते, वकिलाकडे सोबत जाते.

नागपूरची मुक्ता अशीच आली. नवऱ्याने तिचा पासपोर्ट दडवला होता. व्लास्ता पोलिसांना घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली, पासपोर्ट मिळवला आणि मुक्ताला आपल्या घरी घेऊन आली. मुक्ता दोन महिने राहिली. कामावरून आलं की जिन्यातच फोडणीचा वास यायचा.

"मावशी, आधी जेवा, मग काय लिहायचं ते लिहा," मुक्ता दटावायची. व्लास्ताला कित्येक वर्षांत कुणी दटावलं नव्हतं.

मग मुक्ताला शहराच्या दुसऱ्या टोकाला, सँडीफोर्डला नोकरी लागली, तिथेच खोली मिळाली. फोन आधी रोज यायचे, मग कधीमधी, मग थांबलेच.

परवा कामानिमित्त व्लास्ता सँडीफोर्डला गेली होती. परतताना लुआस ट्रामच्या स्टॉपवर ऑफिसच्या घोळक्यात मुक्ता दिसली. व्लास्ताने हात उंचावला. मुक्ताचा चेहरा उतरला.

"कोण गं?" मैत्रिणीने विचारलं.

"माझी... जुनी शेजारीण."

"हो, शेजारीण," व्लास्ता लगेच म्हणाली. "कशी आहेस? सगळं ठीक, ग्रँड ना?"

"ग्रँड," मुक्ता म्हणाली, आणि घोळका पुढे गेला.

व्लास्ता ट्राममध्ये बसली. खरी ओळख सांगायची तर मुक्ताला सगळंच सांगावं लागलं असतं, हे तिला कळत होतं. तिने सोडवलेल्या बहुतेक बायका अशाच दूर गेल्या. तिला पाहिलं की त्यांना ते दिवस आठवत.

इतक्यात मेसेज आला: "मावशी, सॉरी. इथे कुणालाच काही माहीत नाही."

व्लास्ताने लांबलचक उत्तर लिहिलं. 'कधीतरी जेवायला ये' असंही लिहिलं. मग सगळं पुसून फक्त "बरोबर केलंस" एवढंच पाठवलं.

शहराचा मध्य आला. माणसं उतरू लागली, तशी तीही उतरली.