माझ्या फोडाचं खोटं

घाटकोपरला शेठच्या कारखान्यात आम्ही सात सुतार होतो आणि सातांत सगळ्यात मोठा गाढव मी. कामात नव्हे हां. पटाशीनं खाच पाडायची तर ती मीच पाडावी, असं आमचे मोठे मिस्त्रीसुद्धा म्हणायचे. गाढवपणा वेगळा होता. चुलीवर लाकूड चिकटवायचा सरस उकळत असायचा, डबा असा तापलेला की बाकीचे फडकं गुंडाळून उतरवायचे. मी नुसत्या हातानं उतरवायचो. वर मिशीला पीळ.

"आयला, जळत नाही काय रे तुला?"

"भीती असली तर जळतं," मी म्हणायचो. "आणि आपल्या डोक्यावर गावच्या देवीचा हात आहे."

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. दोन वर्षं मी देवीच्या नावावर हे दुकान चालवलं. मग उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. मी बायकोला म्हटलं, पटाशी धरून धरून झालंय, कारागिराचा हात असाच असतो.

बायको मालवणातली. ती म्हणाली, "मिस्त्री पण कारागीर आसत. त्यांची बोटां सरळ कशी?"

"ते कामचोर आहेत," मी म्हटलं.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला रक्तपितीच्या, म्हणजे महारोगाच्या, माणसांचा दवाखाना होता. शेठला तिथल्या बाकांची ऑर्डर मिळाली. बाकं जोडायला कोणी जाईना, सगळे देवाचं नाव घेऊन मागे सरकले. मी छाती काढून म्हटलं, "मी जातो. मला काय होतंय?"

असा मी गेलो. तिथेही चूल मांडली, सरस तापवला आणि समोर नवीन माणसं बघून डबा नुसत्या हातानं उचलला. तिथले डॉक्टर तरुण होते, बारीक, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मला वाटलं आता शाबासकी देणार.

"खाली ठेवा ते," डॉक्टर म्हणाले. "इकडे बसा. डोळे मिटा."

कापसाची वात करून ते माझ्या हातावर टेकवायला लागले. जिथे लागेल तिथे डाव्या हाताचं बोट ठेवायचं. मला वाटलं, काहीतरी शर्यत आहे. मी डोळे किलकिले करून बघितलं आणि बरोबर जागेवर बोट ठेवलं. सगळे नेम बरोबर! त्यांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. मग मी ठोकून द्यायला लागलो. "इथे. आता इथे. हां, हे बघा, इथे." बराच वेळ असं चाललं. टॉवेल काढला तर ते हाताची घडी घालून बसलेले.

"मी मघापासून कापूस लावलेलाच नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या कोपरामागे बोट फिरवलं. तिथे सुतळीसारखी जाड शीर लागली. पाठीवर फिकट चट्टा सापडला, तो मला कधी दिसणार? आणि त्यांनी सरळ सांगितलं, तुम्हाला हाच रोग आहे, गोळ्या घ्या, बरा होतो.

मी विचारलं, "बोटं कधी गळायची?" कारण आम्हाला एवढंच ठाऊक होतं, हा रोग बोटं खातो.

"बोटं रोग नाही खात. तुम्ही खाता," डॉक्टर म्हणाले. "रोग शीर मारतो. शीर मेली की चटका लागला, कापलं, घासलं, तुम्हाला कळत नाही. कळत नाही म्हणून तुम्ही तसेच वापरत राहता. जखमेवर जखम होते आणि बोट झिजतं. असं मला वाटतं. अजून सिद्ध करायचंय."

"वाटतं" म्हणणारा डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा बघितला. आमच्या गावच्या वैद्याला सगळंच ठाऊक असायचं, पेशंट मेला तरी.

सिद्ध करायला त्यांच्याकडे एक जाड वही होती. दवाखान्यात येणाऱ्यांनी रोज संध्याकाळी आपले हातपाय बघायचे. ओरखडा दिसला तरी सोमवारी येऊन सांगायचं, कशानं झाला. ठाऊक नसेल तर डॉक्टर शोधून काढायचे. एका म्हातारीच्या अंगठ्याची जखम भरेचना. कारण सापडेना. डॉक्टर तिच्या घरी जाऊन चुलीपाशी पाटावर बसले. ती नारळ खवायला लागली तेव्हा दिसलं, अंगठा खवणीच्या दात्यांवर घासत होता आणि म्हातारीला पत्ताच नाही. तेव्हापासून ती अंगठ्याला फडकं बांधून खवायची. जखम भरली. ह्या माणसानं एका अंगठ्यासाठी सकाळभर नारळ खवताना बघितला! मी तर स्वतःच्या हाताकडे दोन वर्षांत एकदा नीट बघितलं नव्हतं.

शेठनं मला घरी बसवलं आणि सांगितलं, "पटाशी धरता आली की ये, जागा तुझीच." पण पटाशी धरता येणार होती ऑपरेशन झालं तरच. शहरातून एक सर्जन यायचे, वळलेली बोटं सरळ करायचे. अट एकच. तीन महिने हातावर एकही जखम नको. जो हात सांभाळतो त्याच्यावरच सुरी.

व्यायाम घेणाऱ्या बाई रोज तेल लावून माझी बोटं ताणायच्या. "मिस्त्री, तोंडाचा व्यायाम पुरे, हाताचा करा," मला म्हणायच्या. अडीच महिने मी हात तान्ह्या पोरासारखा जपला. बायको रोज दिव्याखाली तळवा बघायची आणि विचारायची, "बरो होतलो मा?"

मग एका दुपारी मी कारखान्यात गेलो, सहज, दोस्तांना भेटायला. सरस उकळत होता.

"काय रे, देवी सुट्टीवर गेली काय?" एकजण म्हणाला. "आज डबा उचललास तर प्लेटभर भजी माझ्याकडून."

शहाण्यानं काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. मी डबा उचलला. भजी झकास होती. दुसऱ्या दिवशी तळव्यावर हा टम्म फोड.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "कशानं?"

खरं सांगावं तर ऑपरेशन गेलं; आपोआप आला म्हटलं तर माझा दोष नाही. मी म्हटलं, "आपोआप उठला."

"नीट आठवा. चहाचा ग्लास? चूल?"

"नाही हो. झोपलो होतो. उठलो तर हा होता."

त्यांनी तीनदा विचारलं. मग लिहिलं. मला अक्षर ओळखता येत नाही, पण बाकीच्यांच्या जखमा चार-चार ओळींच्या होत्या, माझी एका शब्दात संपली. लिहून झाल्यावर ते मागची पानं उलटून बघायला लागले.

बाईंनी मला बाहेर सांगितलं, "वही लिहायला लागल्यापासून कारणाशिवायची ही पहिलीच जखम. शुक्रवारी ते वही शहरात मोठ्या डॉक्टरांना दाखवायला नेणार आहेत. ते मोठे डॉक्टर हेच पान उघडतील आणि म्हणतील, बघा, बोटं रोगच खातो."

मी म्हटलं, उघडू देत, मोठे डॉक्टर मला थोडेच ओळखतात. आणि माझ्याच जोडलेल्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी ती म्हातारी.

"तुझा आपोआप आला म्हणे?" तिनं विचारलं.

"हो ना, आजी."

"मग माझा पण येणारच की. मी उगाच सांभाळत बसले." आणि ती अंगठ्यावरचं फडकं सोडायला लागली. दातानं गाठ सोडत होती.

मी जन्मभर थापा मारल्या, पण माझी थाप कोणी एवढी मनावर घेतली नव्हती. "आजी, बांध ते! बांध आधी!" मी ओरडलो आणि आत धावलो. "डॉक्टर, डबा उचलला मी! भज्यांसाठी!"

आता हे मला हाकलणार, असं धरून मी उभा. तर डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, जसा काय त्यांना मुलगा झाला. वही ओढली. "कुठला डबा? किती वेळ धरला? कुठल्या बोटांनी?" सगळं लिहिलं. पैजेचं लिहिलं. भज्यांचंसुद्धा लिहिलं. हसले नाहीत, रागावले नाहीत. मी आयुष्यात सांगितलेलं इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं, आणि सांगितलं काय, तर माझा मूर्खपणा.

"मग ऑपरेशन?" मी विचारलं.

"फोड बरा होऊ दे. मग तीन महिने. पहिल्यापासून."

"अडीच झाले होते हो."

"ते गेले," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासाठी अट मोडली तर म्हातारीला काय सांगू?"

ते तीन महिने मी कारखान्याच्या रस्त्यानंसुद्धा गेलो नाही. पुढे ऑपरेशन झालं. मधल्या बोटाला म्हणे आतून वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात, त्यातली एक काढून, चिरून, चारी बोटांना वाटली. सुतारकाम मला कळतं, पण हे असलं जोडकाम बघून मी त्या सर्जनच्या पाया पडायला गेलो, तर ते म्हणाले, "पाया नको, हात हलवा."

प्लास्टर निघालं आणि हात काही ऐकेना. बाई म्हणायच्या, "मधलं बोट वाकवा." मनात मधलं बोट वाकवलं की चारीच्या चारी एकदम हलायची. "अगं, तुला नाही बोलावलं," मी करंगळीला सांगायचो. "मिस्त्री, ती चुकत नाहीये, दोरी आता चारींची आहे; तुम्ही बोलणं थांबवा," बाई म्हणायच्या. "पुन्हा." दिवसभर पुन्हा. त्या बाई कंटाळलेल्या मी कधी बघितल्या नाहीत, मीच कंटाळायचो.

शेवटी जाड मुठीची पटाशी हातात आली. जी खाच मी विडी संपायच्या आत पाडायचो, तिला अख्खी सकाळ गेली. तसल्या चार खाचा पाडून एक स्टूल केलं. डॉक्टर येऊन त्यावर बसले. स्टूल डुगडुगलं. मी मान खाली घातली.

त्यांनी स्टुलाकडे बघितलंच नाही. माझा उजवा हात ओढून उजेडात धरला. तळवा उलटा-सुलटा केला, दोन-दोन बोटांच्या मधे बघितलं, पटाशीची मूठ दाबायची तिथे अंगठ्यानं चाचपलं. लाल कुठे नव्हतं. ओरखडा नव्हता.

"काही नाही," ते म्हणाले. पुन्हा एकदा बघितलं. "काहीच नाही. आता ते स्टूल बघू."