दोरीखालून गेलेला गोल

कॉलेजचे प्राचार्य स्वतः निमंत्रण घेऊन व्यंकटराव गुरुजींच्या घरी आले, तेव्हा गुरुजींच्या पत्नी सरजाबाईंनी चहात दुप्पट साखर टाकली. नांदेडच्या त्या कॉलेजच्या मैदानावर नवी प्रेक्षक गॅलरी झाली होती, तिच्या भिंतीवर जुन्या संघांचे फलक लागणार होते आणि बासष्ट सालच्या फुटबॉल संघातले आता एकटे गुरुजीच हयात होते.

"विजेत्या संघाच्या फलकाचं अनावरण तुमच्याच हातून," प्राचार्य म्हणाले.

गुरुजींचा कप ओठांपाशीच थांबला. "विजेत्या? अहो, आम्ही हरलो होतो."

प्राचार्य समजूतदारपणे हसले. "कॉलेजातल्या जुन्या फोटोत तुमच्या हातात ढाल आहे, गुरुजी." ती ढाल उपविजेत्यांची होती हे गुरुजी सांगेपर्यंत गाडी सुरूही झाली. मोठ्या माणसांना घाई फार.

"घ्या की हार गळ्यात," सरजाबाई म्हणाल्या. "ज्यांला ठावं होतं ते समदे गेले. आता कोन इचारून राहिलंय?"

 मोह गुरुजींनाही झाला, खोटं कशाला बोला. त्र्याऐंशीव्या वर्षी गावादेखत जिंकलेला म्हणवून घ्यायला कुणाला आवडणार नाही?

हिमायतनगरकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतून कॉलेजात गेलेला व्यंकट हा पहिला. संघात पुढं खेळायला सगळेच वाघ होते, गोलकीपर म्हणून खांबांमध्ये उभं राहून लाथा खायला कुणी तयार नव्हतं. नकोशी कामं कुणाच्या वाट्याला येतात हे काय सांगायचं! पण वाट्याला आलेलं काम त्यानं असं केलं की परभणीपासून हैदराबादेपर्यंत चार सामन्यांत एकही गोल आत गेला नाही. तेव्हा गोलाला जाळी नव्हती. दोन बल्ल्या आणि वर आडवी काथ्याची दोरी. सामन्याच्या दिवशी ती दोरी व्यंकट स्वतःच्या हातानं ताणून बांधायचा.

अंतिम सामना घरच्या मैदानावर, लातूरशी. दोन्हीकडे शून्य. संपायला थोडा वेळ असताना लातूरच्या पोरानं चेंडू उंच हाणला. व्यंकटनं उडी घेतली, दोरी उडाली आणि चेंडू मागच्या बाभळीत गेला. पंच शेषेराव सरांनी तो वरून गेल्याची खूण केली. लोकांनी टोप्या उडवल्या.

चेंडू व्यंकटच्या बोटांना घासून गेला होता, आणि बोटं दोरीच्या खाली होती. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. तो सरांकडे चालत गेला.

"सर, खालून गेला."

"नक्की?"

"हाव सर. गोल हाय."

हंगामातला तेवढा एकच गोल, आणि त्यानंच सामना गेला. कॅप्टन हणमंतराव, मोठी शेती असलेल्या पाटलाचा मुलगा, म्हणाला, "आपल्याच अन्नात माती कालवलीस तू." मग सात वर्षं तो व्यंकट दिसला की रस्ता बदलायचा.

आठव्या वर्षी मात्र तोच हणमंतराव शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. व्यंकट तोवर गुरुजी झाले होते. हणमंतरावाच्या घरी तीन भावांची शेतीची वाटणी अडली होती आणि डोकी फुटायची वेळ आली होती.

"मधी तुमी बसा, गुरुजी," तो खाली बघत म्हणाला. "सवताच्या इरोधात खरं बोलणारा मानूस म्या एकच बघितला."

त्या काळात वस्तीतल्या गुरुजींनी पाटलांच्या ओसरीवर बसून वाटणी करायची, ही साधी गोष्ट नव्हती. गुरुजी बसले. वाटणी झाली आणि कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. पुढं पाच गावांत बांधाचं भांडण निघालं की गुरुजींना बोलावणं यायचं. लोक म्हणायचे, ते दोरीवाले गुरुजी आणा.

अनावरणाच्या दिवशी गुरुजींनी पडदा ओढला. सोनेरी अक्षरांत 'विजेते' लिहिलेलं होतं. प्राचार्य हार घेऊन पुढे सरसावले. गुरुजींनी हातानंच त्यांना थांबवलं आणि माईक घेतला.

"फलक चुकला आहे. जिंकलं लातूर. गोल माझ्यावर झाला होता, मीच सांगितला होता. तो सांगितला म्हणून मला आयुष्यभर मान मिळाला. तो फलकासाठी मी परत देणार नाही. आधी हे दुरुस्त करा, हार मग घालीन."

 मंडपात मागं बसलेली कॉलेजची खेळाडू पोरं उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

आठ दिवसांनी पेंटर येऊन गेला. सरजाबाईंनी हट्टानं गुरुजींना मैदानावर नेलं. लग्नानंतर गुरुजींनीच शिकवलेली अक्षरं त्यांनी एकेक बोट ठेवून वाचली. शेजारून एक अनोळखी बाई चालली होती, तिला त्यांनी हात धरून थांबवलं.

"हे वाचा बाई," त्या म्हणाल्या. "उपविजेते. आमच्या ह्यांनी लिवायला लावलंय."