पालथी वाटी

“माझा माणूस खाली निजलाय, आन त्याच्या डोसक्यात खांब ठोकतीस व्हय गं?”

कोरड्या नदीत ऊलबोसिन आपा कमरेवर हात ठेवून उभी. समोर शहरातनं आलेली अरूखान, लोखंडी खांब धरून. वर अमू नदीवर नवं धरण व्हायचंय. त्यानं खालच्या अंगाला मासे, बोरू, गुरं, आमची मिळकत यांचं काय होईल ते तपासायचं. त्याआधी कुठं-कुठं तपासायचं ते ठरवायला ही पोरगी आलेली.

“आपा, पानी मोजायचा खांब हाय ह्यो.”

“पानी कुटाय?”

“आलं तर मोजू. न्हाई आलं तर न्हाई आलं म्हनून लिहू.”

“लय शिकलीयास की!”

मागनं सार्सेन म्हातारा ओरडला, “ठोकू दे गं! नदीचा आपला फाटा मोजनीत न्हाई घेतला, तर उद्या पानी सोडताना आपली आठवन कोन काढंल?”

आपाचा नवरा तोरेबाय एका उन्हाळ्यात होडीत जाळी घेऊन गेला तो गेलाच. पुढच्या साली पूर येऊन ओसरला, तेव्हा त्याची होडी ह्या फाट्याच्या गाळात सापडली. होडी इथं म्हणजे माणूस इथंच, असं हिनं धरलं. गुरुवारी मेलेल्यांसाठी तेलात भाकरी तळायची, वास त्यांना पोचतो. आम्ही बाकीच्या घरात तळतो. ही नदीकाठी चूल मांडायची, भाकऱ्या आणि चहाची वाटी ठेवून यायची. नदी आटली तशी चूल पात्रात उतरली.

“तिच्या भाकऱ्यांवर कोल्ही फुगल्यात,” सार्सेन म्हणायचा. वाटीचं नाव मात्र तो कधी काढत नसे. सकाळी वाटी पालथी असायची. आमच्याकडं चहा पुरे झाला की माणूस आपली वाटी पालथी घालतो तशी, नीट. मी शेजारीण, मीही पाहिलीय.

अरूखाननं आभाळातनं काढलेला जुना फोटो उलगडला. तोरेबाय गेला ते साल विचारलं. मग फोटोतल्या नदीच्या रेघेवरनं बोट फिरवत गेली.

“आपा, त्या उन्हाळ्यात हितं पानीच नव्हतं. नदी त्या झाऊच्या रानापल्याड वाहत हुती. होडी मागनं पुरानं आनली असंल.”

“झालं!” सार्सेन म्हणाला. “तोरेबाय तिकडं हाय. ठोक गं पोरी.”

आपा चुलीच्या काळ्या दगडांकडं बघत होती.

“मग इतकी वर्सं माझा च्या कोन पीत हुतं?”

सार्सेननं टोपी काढली, झटकली, परत घातली. आटलेल्या पात्रातलं मीठ वाऱ्यावर उडत होतं.

“कोन का असंना,” ती म्हणाली, “माझ्या हातचं खाल्लंय त्येनं. त्याच्या बी डोसक्यात नगं. तिकडं काठाला ठोका.”

पोरीनं खांब काठाला नेला. घाव पडत होते तेव्हा आपा चुलीपाशी बसून मातीवर तळहात टेकून होती, बुजलेल्या गाईच्या अंगावर ठेवावा तसा.

“आन तोरेबाय?” सार्सेन हळूच म्हणाला. “इतकी वर्सं उपाशी?”

“मग लय चिडला असंल. जिता हुता तवा बी भूक लागली की तोंड सोडायचा.”

गुरुवारच होता. घरी येऊन तिनं नदीवर न्यायची कढई काढली, दर खेपेच्या दुप्पट पीठ परातीत ओतलं.

“तुज्याकडची एक वाटी दे गं,” मला म्हणाली. “आता दोन लागतील.”

आणि बाह्या सारून पीठ मळायला बसली.