थोरल्या डोंग्याची खाली पाळी

सुरुवातीलाच सांगतो, या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी हसण्यासाठी वाचतो. आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर मांजरालाच हाकलतात. आम्ही मोहाडीकडचे विणकर. मागावर धागा तुटला तर कुठे तुटला ते शोधायचं, कुणी तोडला ते नाही, ही वडिलांची शिकवण. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच चीड येते आहे... पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाही.

मी साकोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. कोविडच्या आधीची गोष्ट. लॅब कुणाला कधी मिळणार यावरून आमच्याकडे रोज तंटे व्हायचे. मी खोल्यांच्या बुकिंगचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर उतरवून घेतलं — फुकट, आणि आतला कोड हवा तसा बदलता येतो — आणि तंटे मिटवले. ते पाहून लॅबमधला गजानन मागे लागला. "सर, आमच्या मच्छी सोसायटीचं बी असंच करून द्या ना. डोंगे तीन अन् घरं पंधरा. रोज भांडण होऊन राहिलं."

त्याचं गाव नागझिऱ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाला जुना, मोठा तलाव आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये खोल्यांच्या जागी डोंगे, म्हणजे मासेमारीच्या लाकडी होड्या, टाकले, तासांच्या जागी पाळ्या. मोबाइलवर हिरवा चौकोन दिसला की पाळी मोकळी. दाबला की लाल होतो आणि पाळी तुमच्या नावावर. डोकं लावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एकच गोष्ट अडली. थोरल्या डोंग्याची मंगळवारची पाळी कुणालाच द्यायची नाही, रिकामी ठेवायची, असं सोसायटीचे अध्यक्ष रामाजी म्हणाले.

"का बरं?"

"ते खाली पाळी आहे. आमच्या आजापासून खालीच."

"पण कोणाची?"

"ज्याची आहे तेची," म्हणाले आणि तंबाखू चोळत बसले.

मी मनात म्हटलं, इथे डोंग्यांसाठी डोकी फुटताहेत आणि सगळ्यात चांगला डोंगा आठवड्यातून एकदा सुट्टीवर! सॉफ्टवेअरमध्ये पाळी बंद ठेवायची सोय होती. मी ती वापरली नाही. नाव नाही, म्हणून चौकोन हिरवा राहिला.

तो सिंधूने दाबला.

सिंधू म्हणजे गजाननची चुलत वहिनी. नवरा वारल्यावर (तापाने गेला, पाण्यात नाही) सोसायटीत तिचं नाव राहिलं, पण पाळी गेली. पाळ्या भरल्या आहेत, म्हणायचे. दुसऱ्यांची मासळी साकोलीच्या बाजारात विकून दोन पोरींचं भागत नव्हतं. तिला हिरवा चौकोन दिसला, तिने दाबला.

गावात बोंब झाली. रामाजींनी मला बोलावून घेतलं. "तिचं नाव काढा सर. तिले काही झालं तं तुमी भरून देसान का?"

"मशीननं देली," सिंधू म्हणाली. "माणसाइनं देलीच नसती."

मला चेव चढला. म्हटलं, "नाव राहील. मीही बसतो डोंग्यात." मला पोहता येत नाही, हे तेव्हा आठवलं नाही.

मंगळवारी सकाळी लख्ख ऊन होतं. अर्धं गाव तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जमलेलं. सिंधू डोंग्याच्या पुढच्या टोकाला उभी राहून जाळं सोडत होती, मी मागच्या टोकाला वल्हं धरून बसलो होतो. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तलावाच्या मधोमध आलो... आणि डोंगा खाली बसला.

हळूच. रोजच्या सवयीने कुणी येऊन बसावं तसा. डोंग्याचा काठ पाण्याच्या वर वीतभर होता, तो चार बोटं राहिला. मी तळाशी पाहिलं — कोरडा. थेंबभर पाणी आत आलेलं नव्हतं. आमच्या दोघांच्या मधे फक्त रिकामी फळी. सिंधू डावीकडे वाकली की डोंगा तिकडे झुकायचा आणि लगेच उजवीकडून सावरला जायचा. तोल मी सांभाळत नव्हतो. मी तर श्वासही घेत नव्हतो. कळत्या वयात पहिल्यांदा मारुतीस्तोत्र म्हणायला गेलो, तेही अर्धंच आठवलं.

"डोंगा जड चालून राहिला," सिंधू मागे न बघता म्हणाली. "सर, घरून दाबून जेवून आले वाटते!"

परतताना काठ जवळ आला आणि डोंगा एकदम वर उचलला गेला. मी वल्ह्यासकट पडता पडता वाचलो.

"काय झालं सर?" रामाजींनी विचारलं.

"काही नाही. काहीच झालं नाही." तिची पाळी जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

रामाजींचा चेहरा खुलला. "असं? मंग भेव कायचं? ते पाळी माह्या पोराले, संजूले देऊन टाका. बाईमाणसाले कायले तकलीफ?"

घ्या! इतकी वर्षं भीतीनेच ती पाळी मोकळी राहिली होती, आणि भीती मीच घालवली होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

सिंधूने जाळं खाली ठेवलं. "सर लपवून राहिले," ती शांतपणे म्हणाली. "होता तो. आमच्या दोघाइच्या मंधात येऊन बसला. मले काही केलं नाही. दुसऱ्याले काय करन, ते मी कशी सांगू?" मग माझ्याकडे वळली. "सांगा ना सर. बसला होता का नाही?"

सगळी पार माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "बसला होता."

संजू गर्दीत मागे सरकला. पाळी सिंधूच्या नावावर राहिली, ती आजतागायत.

मी गाडीला किक मारणार तोच ती पळत आली. हातात पिशवीभर मासळी, आणि हसू आवरत नव्हतं. "सर, लय उपकार झाले. मी तं ऐनवेळी बनवून सांगतलं. वाटलं, तुमी मले उघडं पाडान. पन तुमी बी माह्यासाठी झूट बोलले!"

"बनवून? तुला काहीच जाणवलं नाही?"

"काय राहते तिथं सर? पानीच पानी."

मी पिशवी घेतली आणि निघालो. फिजिक्सच्या सरांना विचारून झालं, दुसऱ्या डोंग्यांत मुद्दाम बसून झालं. काही उलगडा नाही. आणि बनवूनच सांगायचं होतं, तर 'दोघाइच्या मंधात' हेच तिला कसं सुचलं?

तिला मी खरं सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती डोंग्यात पाय ठेवणार नाही, मग पोरींचं काय? नाही सांगितलं तर... मंगळवारी माझं शिकवण्यात लक्ष लागत नाही. दुपारी काहीतरी निमित्त काढून तिला फोन करतो. ती मासळीचा भाव सांगते, पोरींचं सांगते. मी विचारतो, सोबत कुणाला नेलं होतं का?

"कोणाले नेऊ सर? एकटीच तं जातो."