कण्णु बिडी

मी दत्त महाराजांची भक्त म्हणवते खरी, पण भरवसा म्हणाल तर माझा कशावरच नाही. नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. चुका शोधण्याचाच पगार मिळतो. "तू देवाचंही टेस्टिंग करशील," असं नवरा चिडवतो, आणि ते अगदीच खोटं नाही. नागपूरहून इलेक्ट्रॉनिक सिटीत आलो तेव्हापासून रोज आंघोळीनंतर देव्हाऱ्यापुढे बसते, चष्मा काढते, डोळे मिटते आणि नामजप करते. माझा नंबर मायनस सात. चष्मा काढला की तसबिरीतले महाराज म्हणजे नुसता भगवा डाग. त्यापेक्षा डोळे मिटलेलेच बरे वाटायचे.

कॉन्टॅक्ट लेन्सनी दोनदा डोळे आले, तेव्हा डॉक्टरांनी लेन्स बंदच केल्या आणि इंदिरानगरच्या एका दवाखान्यात ब्लेड न लावता, नुसत्या लेझरनं ऑपरेशन करायचं ठरलं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी माझ्या जिवाला घोर. डोळ्यांवर तर माझं पोट! मी इतके प्रश्न विचारले की डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन तेवढं मला करू द्या."

उजवा डोळा सुरळीत झाला. डाव्याच्या वेळी मात्र डोळा स्थिर धरणारी रिंग दाबून बसली, समोर अंधार झाला आणि मी दचकून डोकं मागे ओढलं. रिंग सुटली. "इजा काही नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पण पुन्हा सुटली तर आज थांबावं लागेल." मी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले आणि महाराजांना हाक मारायला गेले, तर नावच येईना. इतक्या वर्षांचा जप, आणि ऐन वेळी पाटी कोरी! मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

तेवढ्यात उशाशी उभ्या असलेल्या वयस्क सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हेदरबेडी अम्मा," म्हणजे घाबरू नका, एवढं त्यांच्या सुरावरून कळलं. पुढे म्हणाल्या, "कण्णु बिडी." माझं कन्नड भाजीवाल्या अक्कांकडून आणि रिक्षावाल्यांकडून उचललेलं: स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, आणि बिडी. भांडण मिटवताना रिक्षावाले म्हणतात ना, "बिडी मॅडम," जाऊ द्या, सोडा. कण्णु म्हणजे डोळा, हे दवाखान्यातच कानावर पडलेलं. अगं बाई, ही तर मला डोळ्यावर पाणी सोडायला सांगतेय! मग काय झालं कोण जाणे, मनात म्हटलं, सोडला डोळा, महाराज. तुमचाच होता, तुम्हीच बघा. वळलेल्या मुठी उघडल्या, खांदे सैल पडले, आणि डोळे आपोआप उघडले. रिंग बसली. पुन्हा अंधार झाला, पण या खेपेस मी काही मागितलं नाही, काही तपासलंही नाही. नाव मात्र आतल्या आत चालू झालं होतं. नंतर हिरवा दिवा दिसला, केस जळल्यासारखा वास आला, आणि डॉक्टर म्हणाले, "झालं."

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले तेव्हा सिस्टरना हिंदीत सांगितलं की तुम्ही डोळा सोडायला सांगितलात म्हणून निभावलं. त्या खळखळून हसल्या. "छोडने को कौन बोलेगा, अम्मा? कण्णु बिडी मतलब आँख खोलो!"

मीही हसले, पण डोळे भरून आले. त्यांनी डोळे उघडायला सांगितले होते, मी सोडून द्यायचं ऐकलं, आणि सोडल्यावरच ते उघडले. याला कृपा म्हणायचं की माझं कच्चं कन्नड, याची शहानिशा मी करत नाही. आयुष्यात एवढी एक गोष्ट न तपासता ठेवली आहे.

घरी येऊन देव्हाऱ्यापुढे बसले. सवयीनं हात चष्म्याकडे गेला, तो नव्हताच. डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. तसबिरीत महाराजांच्या पायाशी चार कुत्री बसली होती. एकाचा कान मुडपलेला होता.